अब्बांची आठ टोपणं

आमच्या फ्रिजच्या दारावर दोन कागद चिकटवलेले असतात. एक मशिदीतून येणारं सेहरी-इफ्तारचं वेळापत्रक. दुसरा आमच्या हातचा, पट्टीने चौकटी आखलेला. त्या चौकटींत आकडे आहेत : ८, ८, ८, ८, ७, ७, ७, ७... घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, कुणाला इन्सुलिन सुरू झालंय का? नाही, अल्हमदुलिल्लाह, साखर सगळ्यांची ठीक आहे. तो कॉफीचा कागद आहे.

आम्ही म्हणजे दोघी जावा. घाटकोपर पश्चिमेच्या या घरात एकाच ओट्यावर अठरा वर्षं काढली. मिठावरून भांडलो, मोठा बर्नर कुणी अडवला यावरून भांडलो. कॉफीच्या बाबतीत मात्र पहिल्यापासून एकमत होतं : दोघींनाही ती आवडत नाही. तरी गेलं दीड वर्ष आमच्या फ्रिजमध्ये कॉफीची बाटली नाही असा आठवडा गेलेला नाही. त्याला कारण अब्बा, आमचे सासरे.

अब्बा मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण उमेदीची सगळी वर्षं माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. सोबतीला तमिळ आणि मल्याळी कारागीर, सुट्टी झाली की किंग्ज सर्कलच्या उडप्याकडे डबरा-पेल्यातली फिल्टर कॉफी. निवृत्त झाले तेव्हा निरोपाची शाल आणि कॉफीची सवय दोन्ही घरी घेऊन आले. सकाळी दोनदा चहा, अकराला कॉफी, असरनंतर कॉफी, आणि कुणी आलं-गेलं तर पुन्हा चहा. ते कधी कुणी मोजलं नव्हतं.

आणि दर रमजानला पहिले तीन-चार दिवस त्यांचं डोकं दुखायचं. आम्ही म्हणायचो पित्त. अम्मी म्हणायच्या ऊन लागलं. कपाळाला बाम, कानाला रुमाल, चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप बरं. इतकी वर्षं हे चाललं की रमजानच्या सामानाच्या यादीत खजूर, शेवया, बेसन आणि बामची डबी असं लिहिलेलं असायचं.

२०२४च्या रमजानात पहिला रोजा १२ मार्चला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बांना उलट्या सुरू झाल्या. डोळे उघडवत नव्हते, खिडकीचा पडदा ओढला तरी उजेड सहन होईना. असरच्या आधी अम्मींनीच पाण्याचा पेला तोंडाला लावला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांच्या आठवणीत तरी, पहिल्यांदाच रोजा सोडावा लागला होता. त्या संध्याकाळी आम्ही दस्तरखान मांडला, पोरांनी खजूर वाटले, पण अब्बा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हाक मारली तर म्हणाले, “तुम्ही उघडा रोजा. माझा तर झाला उघडून.”

डॉक्टरांनी तपासून विचारलं ते एवढंच : दिवसाला चहा-कॉफी किती? आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बोटं मोजली तर सहा-सात कप भरत होते. हे कॅफीन तुटल्याचं डोकं आहे, ते म्हणाले. रोजची सवय एकाएकी बंद झाली की साधारण १२ ते २४ तासांत दुखायला लागतं, पुढच्या एक-दोन दिवसांत ते शिगेला जातं, आणि कुणाकुणाला आठवडाभरसुद्धा छळतं. उलट्या, चिडचिड, ग्लानी हे त्याचे सोबती. पित्ताचा आणि उन्हाचा संबंध असलाच तर नावापुरता. पुढच्या वर्षी आधीपासून हळूहळू कमी करा, त्यांनी सांगितलं. कसं, ते मात्र आमच्यावर सोडलं.

कसं, याचं उत्तर अंधेरीहून आलं, आणि तेही चुकून. थोरलीचा मुलगा एमआयडीसीतल्या एका कंपनीत रात्रपाळीला आहे. मेट्रोने घाटकोपरला उतरतो तेव्हा आमची फजर झालेली असते. मे महिन्यात एका पहाटे त्याने काचेची छोटी बाटली आणली. कोल्ड ब्रू म्हणाला, थंड पाण्यात रात्रभर भिजवून केलेली कॉफी, हिच्याने ॲसिडिटी होत नाही. किंमत ऐकून अम्मींनी बाटली दोन्ही हातांनी धरली. तेवढ्या पैशांत आमच्याकडे तीन दिवसांचं दूध येतं. अब्बांनी घोटभर घेतली, तोंडात घोळवली आणि म्हणाले, “कडू नाही रे ही. गुळासारखं काहीतरी मागे राहतं.” झालं. त्या दिवसापासून घरी करून बघायचं ठरलं.

पहिला घाण आम्ही सपशेल फुकट घालवला. अब्बांच्या डब्यातली माटुंग्याची फिल्टर कॉफी घेतली, पाण्यात कालवली, झाकून ओट्यावर ठेवली. दोन चुका एकदम. ती पूड मैद्यासारखी बारीक, कारण फिल्टरला तशीच लागते. सकाळी गाळायला घेतली तर चहाच्या गाळणीतून सगळा चिखल खाली आणि कापडातून थेंबही खाली येईना. शिवाय त्या पुडीत चिकोरी. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत भाजलेल्या चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळलेली असते. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी चालते. गरम दुधात ती छान लागते, रंग आणि दाटपणा तिचाच. थंड पाण्यात मात्र कषायासारखी चव आली. आणि मे महिन्यात मुंबईत ओट्यावर रात्रभर ठेवलेलं काहीही सकाळी विश्वासाचं राहत नाही. आमच्या कॉफीला आंबूस वास आला होता. मोरीत ओतली.

मग माटुंग्याला जाऊन दुकानदाराला नीट सांगितलं : चिकोरी नको, आणि दळायची ती जाड. किती जाड? त्याने विचारलं, फ्रेंच प्रेससाठी का? आम्ही म्हणालो, लापशीच्या रव्याएवढी. त्याला कळलं, आम्हालाही कळलं. पूड हाताला रवाळ लागली पाहिजे, बोटाला चिकटली तर ती बारीक आहे.

साधनांचं म्हणाल तर फोनवर बघितलं की माणूस गांगरतो. जपानी बाटल्या, आत जाळीची नळी असलेल्या. क्योटोच्या पद्धतीचे काचेचे मनोरे, ज्यातून थेंब-थेंब पाणी कॉफीवर पडतं. दिसायला सुंदर, आमच्या ओट्यावर ठेवला तर पोळपाट कुठे जाणार? मुलाने आणखी एक भांडं दाखवलं, टॉडी नावाचं. अम्मींच्या कानावर ‘ताडी’ पडलं आणि त्या तसबीह हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या. टॉड सिम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने १९६४ मध्ये ते बनवलं, त्याच्या नावावरून टॉडी, हे समजावताना मुलाची पुरेवाट झाली. अम्मी अजूनही त्याला ‘ते ताडीचं भांडं’च म्हणतात.

शारजाहून नणंदेने फ्रेंच प्रेस पाठवला होता. काचेचा उभा पेला, वर दांडा, दांड्याला जाळी. त्यात काम चांगलं होतं : पूड आणि पाणी घालायचं, दांडा वर ठेवून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी दांडा हळूच खाली दाबायचा. तीन आठवडे वापरला. मग धाकटीच्या हातून सिंकमध्ये काच गेली. त्यावर आम्ही फारसं बोललो नाही.

शेवटी टिकलं ते असं. रुंद तोंडाची लोणच्याची काचेची बरणी, सोडा घालून धुतलेली, उन्हात वाळवलेली, तरी पहिले दोन वेळा मोहरीचा वास येतच होता. चहाची स्टीलची गाळणी. आणि मलमलचा तुकडा, जुन्या दुपट्ट्याचा. पण साबणाने धुतलेला चालत नाही, कॉफी साबणाचा वास लगेच ओढते. नुसत्या पाण्यात उकळून घ्यायचा. (इंग्रजीत मलमलला मस्लिन म्हणतात, तो शब्द इराकच्या मोसुल शहरावरून आला, हे आम्हाला पोरांच्या शाळेच्या पुस्तकामुळे कळलं.) विकत घेतला तो फक्त छोटा डिजिटल वजनकाटा, आणि तोच एक खर्च आम्ही कुणालाही करायला सांगू. चमच्याने मोजलेली जाड पूड रोज वेगळी भरते.

१०० ग्रॅम पूड, ८०० मिलिलिटर पाणी. पाणी उकळून गार केलेलं, नळाच्या पाण्याला पावसाळ्यात क्लोरीनचा वास असतो तो कॉफीत उतरतो. एकदा लाकडी चमच्याने ढवळायचं, सगळी पूड भिजली पाहिजे, वर कोरडी राहू द्यायची नाही. घट्ट झाकण. फ्रिजमध्ये १४ ते १६ तास. आम्ही असरनंतर भिजवतो आणि सकाळी पोरं शाळेत गेली की गाळतो. आधी गाळणीतून, मग मलमलमधून, आणि मलमल पिळायचा नाही. पिळला की गाळ आणि कडवटपणा दोन्ही उतरतात. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे हाती सहाशे मिलिलिटरच्या आसपास येतं. हा अर्क आहे. पिताना त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, त्यापुढे आम्ही ठेवत नाही. झाकण मात्र घट्टच हवं, एकदा उघडी राहिली तर सुक्या बोंबलाचा वास घेऊन बसली होती. चोथा कुंडीत जातो.

आता ॲसिडिटीचं. मुलाने छातीठोक सांगितलं होतं की हिच्यात ॲसिड नाही. तसं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी गरम आणि थंड, दोन्ही पद्धतींनी केलेली कॉफी तपासली, तर दोन्हींचा आंबटपणाचा आकडा जवळजवळ सारखाच निघाला. गरम कॉफीत एकूण ॲसिडं थोडी जास्त उतरतात, एवढाच फरक. थंड कॉफी जिभेला सौम्य लागते म्हणून पोटालाही सौम्य असेलच असं नाही. अब्बांना छातीत जळजळ कमी झाली हे खरं, पण आम्हाला वाटतं त्याचं श्रेय रिकाम्या पोटी चहा बंद झाला याला आहे.

सौम्य लागते, हीच तिची खोड. ती आम्हाला त्याच वर्षी जून महिन्यात कळली.

१६ जूनला अरफ्याचा रोजा होता, दुसऱ्या दिवशी बकरी ईद. मार्चमधला तो रोजा अब्बांच्या मनातून गेला नव्हता. कजा त्यांनी शव्वालमध्ये भरला होता, तरी अरफ्याचा रोजा ठेवणारच म्हणाले. आम्ही दोघींनी डोकं लढवलं : सेहरीला नेहमीपेक्षा जास्त कॉफी दिली तर दिवसभर डोकं दुखणार नाही. पहाटे चारला अर्काचा मोठा ग्लास भरला, पाणी न घालता, दूध न घालता, दोन बर्फाचे खडे टाकून. कडू लागत नव्हता, त्यांनी सरबतासारखा पिऊन टाकला. साडेचारला रोजा बंद.

नऊ वाजता हात थरथरायला लागले. छातीत धडधड. दर अर्ध्या तासाने लघवीला, आणि दुपारपर्यंत ओठांवर पापुद्रा. घरच्या मशीनवर रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा १७० च्या पुढे. रोजा सुटायला सव्वासात वाजणार होते. आम्ही दोघी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलो, आणि कुणीच ‘प्या’ म्हणेना, कारण मार्चमध्ये भिंतीकडे वळलेली ती पाठ दोघींच्याही डोळ्यांपुढे होती. असरनंतर धडधड कमी झाली, अल्लाहने निभावलं. पण ईदनंतर डॉक्टर आमच्यावर चिडले ते योग्यच होतं. अशा वेळी रोजा सोडून सरळ दवाखाना गाठायचा, म्हणाले, आजाऱ्याला दुसऱ्या दिवसांत भरून काढायची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, तुम्ही कोण ती नाकारणाऱ्या? या वाक्याने आम्हाला जे लागलं ते अजून उतरलेलं नाही.

त्या रात्री मुलाने हिशोब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आयसीएमआरच्या वतीने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको म्हटलं आहे. त्यांच्याच सांगण्यानुसार १५० मिलिलिटर उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटच्या कपात ५० ते ६५, चहात ३० ते ६५. (जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असंही त्यात आहे. इफ्तारच्या ताटाबरोबर चहा ओतणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी हे दोनदा वाचावं. रक्त कमी आपलंच असतं.) आमच्या अर्कात ढोबळमानाने मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम, किंबहुना थोडं अधिकच. म्हणजे त्या ग्लासातून अब्बांनी दिवसाची सगळी मर्यादा पाच मिनिटांत संपवली होती, तीही रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने. त्यातून आमची पूड रोबस्टा असती तर कॅफीन जवळपास दुप्पट. दुकानातून आणताना आता आम्ही अरेबिका विचारून घेतो.

बाटली फेकून द्यायची, असं त्या आठवड्यात आमचं ठरलं होतं. ईदच्या मटणाला जागा करायला ती फ्रिजबाहेर निघालीही. मग धाकटी म्हणाली, अगं पण हिच्यात किती आहे ते आपल्याला माहीत आहे. चहात माहीत नाही.

तेच खरं होतं. चहा एक दिवस दोन उकळ्यांचा, एक दिवस पाच. फिल्टरची पहिली धार दाट, दुसरी पाणचट. पण बरणीत एकदा झालेला अर्क आठवडाभर तसाच राहतो, सोमवारचा चमचा आणि शुक्रवारचा चमचा सारखा. डॉक्टरांनी ‘हळूहळू कमी करा’ म्हटलं होतं, आणि हळूहळू कमी करायला मोजता येईल असं काहीतरी हवं होतं. ते आमच्या फ्रिजमध्येच होतं.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर टोपण असतं ना, १५ मिलिलिटरचं, ते आमचं माप ठरलं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. २०२५ मध्ये शाबान ३१ जानेवारीला सुरू झाला. त्या दिवशी आठ टोपणं : चार सकाळी दुधात, चार दुपारी. चहा पूर्ण बंद, कारण दोन्ही चालू ठेवले तर मोजण्याला अर्थ नाही. दर चार दिवसांनी एक टोपण कमी. कागद फ्रिजवर लागला, अब्बांनी स्वतः पेन्सिलीने चौकटी रंगवायच्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला शंका यायला लागली. टोपणं सहावर आली तरी माणूस टुणटुणीत, एक जांभई नाही. शबेबरातच्या रात्री, पाच टोपणांवर असताना, उलगडा झाला. कब्रस्तानातून आल्यावर सगळे बसले होते, शेजारचे चाचा सहज बोलून गेले, उद्या फजरनंतर कटिंगचे पैसे तुम्ही द्या, आठवडाभर मीच देतोय. अम्मींनी मान वर केली. अब्बा तसबीहचे मणी फार बारकाईने पाहू लागले.

आम्ही रागावलो नाही. खोटं वाटेल, पण हसू आलं. सकाळी त्यांनाच विचारलं, की मग कटिंगची किती टोपणं धरायची? ते म्हणाले दोन. आम्ही तीन धरली. कागद पुन्हा आखला आणि त्या दिवसापासून चाचांच्या बरोबर फजरनंतर ते नुसते चालायला जाऊ लागले. पुढचे दोन दिवस कपाळ जरा ठणकलं, एक टोपण परत वाढवलं, मग उतरवलं. शाबानच्या शेवटच्या दोन दिवसांत एकच टोपण उरलं होतं, दुधाच्या ग्लासाला जेमतेम रंग येईल एवढं.

त्या रात्रींत ते कॉफीच्या गोष्टी फार सांगायचे, जशी काही निरोपाला आलेल्या दोस्ताची. येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रला जागायला ती प्यायचे. १५११ मध्ये मक्केच्या हाकिमाने तिच्यावर बंदी घातली, आणि कैरोच्या सुलतानाने ती फिरवली. आणि हजहून येताना बाबा बुढन यांनी मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे, आणि दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघे जातात. “सात बिया,” अब्बा म्हणायचे, “आणि तुम्ही मला एक टोपण देता.”

पहिला रोजा २ मार्चला, रविवारी होता. सेहरीला आम्ही कॉफी दिली नाही, खजूर, दही आणि पाणी. पावणेसहाच्या आत त्यांनी नियत केली. दुपारी जोहरनंतर आम्ही दोघी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या खोलीत जात होतो : पंखा, चादर, पेपर. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “डोकं ठीक आहे. तुमच्या येण्याने दुखेल.” दुसरा रोजा, तिसरा रोजा. यादीतली बामची डबी उघडलीच गेली नाही. तरावीहच्या आधी दोन टोपणं दुधातून, तेवढीच महिनाभर. सगळे रोजे झाले.

३१ मार्चला ईद. नमाजहून आल्यावर शिरखुर्म्याचा वाडगा संपवून अब्बा म्हणाले, आज जरा माटुंग्यासारखी होऊ द्या, पेला भरून. आम्ही बरणी काढली आणि टोपण शोधायला लागलो, तर ते जागेवर नव्हतं. सगळं घर धुंडाळलं. अब्बांच्या कुर्त्याच्या खिशात निघालं. म्हणाले, लहान पोरं ईदला उचलून नेतील म्हणून ठेवलं होतं, आणि स्वतःच मोजून चार ओतली.